राहतं घर कोणाचं

औशाच्या बाजारगल्लीत, किल्ल्याकडं उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी शिवकांताची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मागं दोन खणांचं धाब्याचं घर. दोन्ही तिच्या वडलांनी, चंद्रप्पांनी, जिवंतपणीच तिच्या नावावर करून दिलं होतं, आणि ते काही लाडापोटी नव्हतं. चंद्रप्पांना दम्यानं गाठलं तेव्हा पिठाच्या धुरळ्यात उभं राहणं त्यांना जमेना. मुलगा बसवराज लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या पेठेत, आडतीच्या दुकानात गुंतलेला. मग शिवकांतानंच डोक्याला फडकं गुंडाळलं आणि ती गिरणीत उभी राहिली. पट्टा चढवणं, दगडाला टाकी लावून घेणं, मोटार जळली की लातूरहून मेकॅनिक आणून त्याच्या डोक्यावर बसून दुरुस्त करून घेणं, सगळं ती करायची. लग्नाआधी करायची, लग्नानंतरही करत राहिली. म्हणून चंद्रप्पांनी लातूरचं दुकान मुलाला दिलं आणि औशाचं घर-गिरणी लेकीला. बसवराजनंही कधी तोंड वाकडं केलं नाही.

तिचा नवरा गुरुपादप्पा मुरुडच्या बाजूच्या एका खेड्यातला. थोरल्या भावांनी वाटणीत त्याच्या वाट्याला गोठ्याची एक भिंत ठेवली आणि तीही एका पावसात बसली. बहात्तरच्या दुष्काळात तो सरकारी कामावर खडी फोडत होता. तिथंच त्यानं पहिल्यांदा बोअरची गाडी बघितली. जमिनीत पाईप घुसतोय, काळ्या पाषाणाचं पीठ वर उडतंय आणि भोवती अख्खं गाव घागरी घेऊन श्वास रोखून उभं आहे. खडी फोडायचं सोडून तो त्या गाडीमागं लागला. आधी पाईप उचलायचा, मग गाडी पुसायचा, आणि दुष्काळ सरेपर्यंत मशीन चालवायला शिकला. दुष्काळानं कित्येकांची घरं धुऊन नेली, ह्याच्या हातात मात्र धंदा दिला.

लग्न झालं तेव्हा त्याला स्वतःचं म्हणावं असं छप्पर नव्हतं. तो औशाला बायकोच्या घरी राहायला आला. गल्लीतली माणसं तोंडावर काही बोलत नसत, पण घरजावई हा शब्द पाठीमागं चालतच होता आणि तो त्याला ऐकू येतच होता. मुलगी झाली, रुद्राणी. ती दोन वर्षांची असताना सोलापूरच्या एका एजंटानं मस्कतच्या कंपनीसाठी बोअरवाले गोळा केले, त्यात गुरुपादप्पा गेला. ते साल सत्त्याहत्तर.

तिकडं तो डोंगराळ मुलखात पाण्याच्या विहिरी पाडायचा. तंबूत राहायचा, डब्यातलं खायचा. लिंगपूजेपुरतं वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवायचा, तर सोबतचे हसायचे. दर उन्हाळ्यात तिकडचं काम उष्म्यानं थांबलं की महिना-दीड महिना घरी यायचा. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा त्यानं एक पेंटर बोलावला आणि दारावर निळ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘गुरुपादप्पा यांचे निवासस्थान’. गिरणीवर चंद्रप्पांचं नाव होतंच. शिवकांता शेणाचा हात धुवत धुवत बाहेर आली, तिनं ती अक्षरं बघितली आणि पुन्हा आत गेली. दहा-अकरा महिने वाळूत राहून येणाऱ्या माणसाला दारावर आपलं नाव बघावंसं वाटलं, तर त्यात आपलं काय गेलं, असं तिला वाटलं.

पैसा तो बँकेच्या ड्राफ्टनं पाठवायचा. औशातली आणखी चार-सहा माणसं आखातात होती. त्यांच्या घरी पैसा वेगळ्या वाटेनं यायचा. एखादा अनोळखी माणूस संध्याकाळच्या सुमाराला दारात उभा राहायचा, एक खूण सांगायचा आणि रुमालात बांधलेल्या नोटा ठेवून जायचा. त्यात भावही जास्त मिळायचा. बसवराजनं मेव्हण्याला दोनदा सांगून बघितलं. गुरुपादप्पा म्हणायचा, घामाचा पैसा चोरासारखा कशाला आणायचा. शिवकांतालाही ते पटायचं. बँकेत जाऊन सही करताना तिला बरं वाटायचं.

ब्याऐंशीत लातूरचा जिल्हा झाला. त्याच्या आधीपासूनच हवा फिरली होती आणि ऑगस्टात हुकूम निघाल्यावर तर लातूरचं रूपच पालटलं. कचेऱ्यांना जागा, साहेबांना बंगले, नव्या वसाहती. जिकडं बघावं तिकडं पाया खणलेला, आणि प्रत्येक पायाजवळ माणूस विचारतोय, बोअरची गाडी कुठं मिळंल? गुरुपादप्पाच्या मनात ही गोष्ट पाच वर्षं घोळत होती. त्यानं साठवलेला सगळा पैसा घातला, बसवराजनं थोडा घातला आणि दोघांच्या भागीदारीत एक जुनी पण खणखणीत बोअरची गाडी घेतली. बसवराज ती चालवून घ्यायचा. गुरुपादप्पानं आणखी दोन-तीन वर्षं मस्कतला काढायची आणि मग कायमचं येऊन स्वतःच्या गाडीवर उभं राहायचं, असं ठरलं. गाडीनं पहिल्याच हंगामात लातुरात बारा ठिकाणी पाणी लावलं.

आणि त्याच गाडीनं घात केला. बसवराज नियमानं आयकराचा कागद भरणारा. त्यात भागीदाराचं भांडवल दिसलं. कचेरीनं विचारलं, औशाच्या ह्या माणसानं कधी कर भरलेला दिसत नाही, त्याच्याकडं एवढा पैसा आला कुठून? बसवराजनं सरळ सांगितलं, मस्कतच्या पगारातून, हे बघा बँकेचे दाखले. त्याला वाटलं, विषय मिटला. दोन महिन्यांनी गुरुपादप्पाच्या नावानं नोटिसा आल्या. एक नव्हे, मागच्या चार वर्षांच्या चार. मस्कतच्या सगळ्या पगारावर इथला कर, त्यावर व्याज, शिवाय इतके दिवस लपवल्याबद्दल दंड का करू नये म्हणून वेगळी विचारणा.

शिवकांता नोटिसा घेऊन भावाबरोबर लातूरला लक्ष्मणराव वकिलांकडं गेली. लक्ष्मणराव आयकराचीच कामं करायचे. साठीच्या घरातला, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि त्यांना समजावून सांगितलं. बाहेरच्या देशात मिळवलेल्या पैशावर इथं कर लागायचा की नाही, हे माणूस कायद्याच्या नजरेत इथला रहिवासी ठरतो का यावर असतं. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ देशात काढला तर तो रहिवासी, हे कुणालाही समजेल. पण कायद्यात आणखी एक कलम होतं. माणसासाठी देशात राहतं घर वर्षातला निम्मा काळ चालू ठेवलेलं असेल आणि तो स्वतः नुसता महिनाभर जरी येऊन गेला, तरी तो रहिवासीच. आणि गुरुपादप्पासारखा आयुष्यभर इथंच राहून नुकता बाहेर गेलेला माणूस असा रहिवासी ठरला, की त्याची साऱ्या दुनियेतली कमाई इथं धरायची.

“तिथं पगारावर कर नाही,” लक्ष्मणराव म्हणाले. “तिथं भरला असता तर इथं काही सवलत मागता आली असती. तीही सोय नाही.”

शिवकांतानं तो कागद स्वतःकडं ओढून घेतला. मग तिनं विचारलं, घर नसतं तर?

“तर एक पैसा लागला नसता.”

“म्हंजे बायकू-लेकराला उघड्यावर टाकून गेला असता, तर सरकारला चाललं असतं,” ती म्हणाली. “घर राखलं हाच गुन्हा झाला.”

लक्ष्मणरावांनी जे पुढं सांगितलं त्यानं तिचं डोकं आणखी फिरलं. ते घराचं कलम दिल्लीनं ब्याऐंशीच्या कायद्यात काढूनच टाकलं होतं. बाहेर कमवायला गेलेल्यांवर त्यानं अन्याय होतो, अशी ओरड झाली होती. पण काढलं ते पुढच्या वर्षांसाठी. मागच्या वर्षांना जुनंच कलम लागू. सरकारला चूक उमगली होती, दुरुस्तही केली होती, आणि त्याच चुकीची वसुली तिच्या दारात आली होती. बसच्या परतीच्या वाटेवर शेजारी बसलेल्या बसवराजला तिच्या हातातल्या पिशवीचे बंद पिळले जाताना दिसत होते.

वाचायची एक वाट होती. कलमात घर म्हणजे त्या माणसासाठी चालू ठेवलेलं घर. औशाचं घर गुरुपादप्पाचं नव्हतंच. मालकीचा कबाला शिवकांताच्या नावचा, घरखर्च गिरणीवर चालतो, तो आला तर पाहुण्यासारखा राहून जातो. एवढं त्यानं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं, की माझं भारतात राहतं घर नाही. लक्ष्मणरावांनी मसुदा करून ठेवला आणि गुरुपादप्पा त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुट्टीला आला तेव्हा त्याच्यासमोर ठेवला.

गुरुपादप्पा शांत माणूस. भावांनी वाटणीत फसवलं तेव्हाही तो भांडला नव्हता. त्यानं तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“वकीलसाहेब, मी तिकडं सहा वरसं काय करून राहिलो?” तो म्हणाला. “तंबूत निजून राहिलो ते कशासाठी? कुणी इचारलं, तुझं घर कुठं, तर औशाला म्हणून सांगता यावं म्हणून. आन आता मीच लिहून देऊ, की मला घर न्हाई?”

लक्ष्मणरावांनी समजावलं, हा नुसता कायद्याचा शब्द आहे. तो म्हणाला, मग तो शब्द तुमच्याजवळच ठेवा. आणि उठून बाहेर गेला. शिवकांताला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. बोअरची गाडी हातची जायची वेळ आलीय आणि हा दारावरच्या अक्षरांना धरून बसलाय, असं तिला वाटलं. पण त्याला ती अक्षरं पुसायला लावणारं सरकार कोण, असंही वाटलं, आणि हा दुसरा राग मोठा होता.

प्रतिज्ञापत्राशिवायच सुनावणी झाली. गुरुपादप्पा तोवर परत गेला होता. कचेरीतले साहेब तरुण होते, वागायला सभ्य होते, त्यांनी तिला खुर्ची दिली. पण त्यांच्या इन्स्पेक्टरनं औशाला येऊन घर बघितलं होतं आणि दारावर कुणाचं नाव आहे ते लिहून नेलं होतं. साहेबांनी तिला गिरणीचा हिशोब विचारला. कर लागावा एवढं उत्पन्न कधी नव्हतंच, त्यामुळं वह्या असण्याचं कारण नव्हतं. विजेची बिलं होती, ती तिनं पुढं केली. साहेबांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. नवरा परदेशात एवढा पगार घेतो आणि घर तुमच्या गिरणीवर चालतं, असं तुमचं म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली. ती मान पटल्याची नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या मार्चात निकाल आला. लक्ष्मणरावांनी तो मराठीत सांगितला. पत्नी ही करदात्यावर अवलंबून आहे, गिरणी ही किरकोळ बाब आहे, घर करदात्यासाठी आणि करदात्याच्या जिवावर चालू ठेवलेलं आहे.

“परत वाचा,” शिवकांता म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.

“अवलंबून,” ती म्हणाली. “माझं लगीन व्हायच्या आधीपासून ती गिरणी चालू हाय. बाळंतपणाचे दिवस सोडले तर एक दिस बंद पडली न्हाई. हे मस्कतला गेले तवा एजंटाला द्यायचे पैसे गिरणीतून गेले. त्ये किरकोळ व्हते का?”

नोटिसा आल्यापासून ती चिडलेली होती, पण ती चीड पैशाची होती. त्या दिवशीची चीड वेगळीच होती. त्या कागदानं एका ओळीत तिचा सगळा जन्म पुसून टाकला होता. डोळ्यात जाणारं पीठ, पट्ट्यात अडकून मोडलेलं करंगळीचं पेर, उन्हाळ्यात वीज गेली की दळणं घेऊन बसलेल्या बायकांच्या शिव्या, हे सगळं किरकोळ. आणि पुसायचं कशासाठी, तर नवऱ्याला तिच्या घराचा मालक ठरवून त्याच्या पगारातला वाटा काढता यावा म्हणून. तिनं तिथल्या तिथं लक्ष्मणरावांना अपील करायला सांगितलं.

अपील दाखल झालं, पण वसुली थांबली नाही. स्थगितीचा अर्ज दिला, तो फेटाळला गेला. गुरुपादप्पाचं बँकेतलं खातं गोठवलं गेलं, त्यात भागेना, तेव्हा भागीदारीतल्या गाडीवर टाच यायची पाळी आली. बसवराज घाबरला. त्याचं दुकान गंजात, पत होती, दारात सरकारी माणूस आलेला कुणी बघितला तर उद्या माल उधार मिळायचा नाही. त्यानं सांगितलं, अक्का, गाडी विकून मोकळं होऊ. वर हेही म्हणाला, की मी आधीच सांगत होतो, बँकेतून पैसा आणू नका. अर्धं औसं रुमालातून पैसा आणतं, त्यांना कुणी विचारतं का?

हे बोलणं शिवकांताला सर्वांत जास्त लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. गल्लीत एकाचा वरचा मजला रुमालाच्या पैशावर चढत होता आणि त्या घरमालकाला सणासुदीला साहेब लोक नमस्कार करत होते. ज्यानं सही करून, पावती घेऊन, उजेडात पैसा आणला त्याच्याच घराची मोजदाद झाली. गाडी परभणीकडच्या एका माणसानं पडत्या भावात नेली. शिवकांता बघायला गेली नाही, गिरणीत दळत बसली.

गुरुपादप्पाला तिनं सगळं कळवलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. गाडी गेली ते कळलं, तुला जे करायचं ते कर, माझी सही मागू नकोस. त्या वर्षी तो सुट्टीला आलाच नाही. पैसे पाठवत राहिला, बँकेतूनच.

अपिलाची सुनावणी लागली ती पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर, नांदेडला. अपिलाचे साहेब तिथं येऊन बसणार होते. त्या साली पाऊस नावालाच झाला होता. सुनावणीच्या चार दिवस आधी, कळवल्यावाचून, गुरुपादप्पा दारात येऊन उभा राहिला. अंगानं निम्मा झाला होता. शिवकांतानं पाणी दिलं, ते तो उभ्या उभ्या प्याला. रुद्राणी दहा वर्षांची झाली होती, ती आधी लाजून आत पळाली आणि मग येऊन त्याच्या पायाला बिलगली. नांदेडचं त्यानं काही विचारलं नाही. मात्र सुनावणीच्या दिवशी पहाटे शिवकांता पिशवी घेऊन निघाली, तर तोही धोतर बदलून, कपाळाला भस्म लावून तयार बसला होता.

लातूरहून एसटीनं अहमदपूर, लोहा करत ते नांदेडला पोहोचले. वाटेतल्या शिवारात ज्वारी वितभर येऊन करपलेली. दोन ठिकाणी रस्त्याकडेला बोअरच्या गाड्या चालू दिसल्या, तेव्हा गुरुपादप्पानं मान दुसरीकडं फिरवली. लक्ष्मणराव आधीच येऊन थांबले होते.

अपिलाचे साहेब वयस्कर होते. त्यांनी कागद आधीच वाचलेले दिसत होते. लक्ष्मणरावांनी कबाला दाखवला, विजेची बिलं दाखवली, गिरणीच्या परवान्याचे कागद दाखवले. साहेबांनी शिवकांताला विचारलं, घर कुणाचं?

“माझं,” ती म्हणाली. “माझ्या बापानं मला दिलेलं. चालवते बी मीच. ह्यांचा पैसा मी घरात वापरला न्हाई असं म्हणत न्हाई, लेकीला वापरला, सणाला वापरला. पण तो आला न्हाई म्हणून चूल थांबली असं कधी झालं न्हाई. खालच्या साहेबांनी लिहिलंय मी अवलंबून हाय. त्ये खोडा. कर लागला तरी चालंल, पण त्ये खोडा.”

लक्ष्मणरावांनी तिच्याकडं चमकून बघितलं. साहेब म्हणाले, की मालकी कुणाची हा एक भाग झाला. पण घर बायकोचं असलं तरी नवऱ्याचा तिथं हक्काचा निवारा असू शकतो. दारावर तर त्याचंच नाव आहे. तो येतो तेव्हा घरधनी म्हणून येतो की कसा, हे कोण सांगणार?

शिवकांता बोलायला गेली आणि अडली. ह्याचं उत्तर तिला माहीत होतं. आठवडाभर लक्ष्मणरावांनी तेच घोटून घेतलं होतं. पण मागच्या बाकावर तो बसला होता, आणि त्याच्यादेखत ते शब्द तिच्या जिभेवर येईनात.

गुरुपादप्पा उठून पुढं आला.

“घर तिचं हाय, साहेब,” तो म्हणाला. “दारावर नाव मी घातलं, तिला न इचारता घातलं. तिथं माझी खुंटीबी न्हाई, मी येतो तवा माझी पेटी कोपऱ्यात ऱ्हाती आन जाताना संग जाती. तिनं उद्या या म्हणलं न्हाई, तर मला तिथं येता यायचं न्हाई. मला घर न्हाई. लिहून घ्या.”

तो मराठीत सांगत गेला तसे लक्ष्मणराव इंग्रजीत सांगत गेले आणि कारकुनानं ते टिपून घेतलं. शिवकांता खाली बघत होती. तिनं मुद्दा जिंकलेला होता, हे तिला साहेबांच्या लिहिण्यावरून कळत होतं. तरी त्या खोलीतून ह्या माणसाचा हात धरून उठून जावं आणि तो कर भरून टाकावा, असं तिला वाटलं. आधी भावांनी घरातून काढलेला माणूस, त्याला आता भर कचेरीत उभं राहून आपल्या तोंडानं बेघर व्हावं लागलं, तेव्हा कुठं त्याचा पगार त्याचा ठरणार. असला कायदा लिहिणाऱ्याला स्वतःचं घर असेल ना, असं तिच्या मनात येत राहिलं.

परतीच्या एसटीत लोहा मागं पडल्यावर ती म्हणाली, तुमी तसं बोलाय नको होतं.

“मग कसं बोलाय पायजे होतं?”

तिनं पिशवीतली भाकरी काढून त्याच्या हातात दिली.

“खोटं बोललो न्हाई,” तो म्हणाला. “म्हणून तर जड गेलं.”

औशाला आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं दारावरची अक्षरं खरवडून काढली. तिनं नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी तो मस्कतला गेला.

अपिलाचा निकाल शहाऐंशीच्या पावसाळ्याच्या तोंडावर आला. चारही वर्षांचा कर रद्द. घर पत्नीचं, चालवणारी पत्नी, करदात्यासाठी चालू ठेवलेलं नाही. आणि ती ‘अवलंबून’ची ओळ चुकीची ठरवलेली. लक्ष्मणराव खुशीत होते. त्यांनी पेढे मागवले. शिवकांतानं पेढा हातात घेतला आणि विचारलं, गाडी?

भरलेला पैसा परत मिळेल, थोडं व्याज मिळेल, असं ते म्हणाले. गाडीचं काही नाही. परभणीच्या माणसानं दाम मोजून नेली, ती त्याची.

“आन आमचे हे जे बोलले, त्ये परत कसं घ्यायचं?”

लक्ष्मणरावांनी पेढ्याचा पुडा बांधायला घेतला. त्याला कायद्यात तरतूद नाही, असं ते हळूच म्हणाले. माणूस चांगला होता, त्यांनी फीसुद्धा निम्मीच घेतली. पण शिवकांताला त्यांचाही राग आला, त्या खोलीचा आला, भिंतीवरच्या कॅलेंडरचा आला. पेढा तिनं तिथंच ठेवला.

पैसा परत यायला आणखी वर्ष गेलं. तोवर दुष्काळ कंबरेला येऊन भिडला होता. औशात टँकर, लातुरात टँकर, आणि जिकडं तिकडं बाहेरच्या मुलखातल्या बोअरच्या गाड्या घरघरत होत्या, फुटामागं तोंडाला येईल तो भाव घेत. गाडी राहिली असती तर ह्याच दिवसांत नावारूपाला आली असती, हे गल्लीतलं लहान पोरसुद्धा सांगायचं. परत आलेल्या पैशात आता त्या गाडीची चाकंही आली नसती.

सत्त्याऐंशीच्या चैत्रात गुरुपादप्पा कायमचा आला. पेटी घेऊन आला आणि ती त्याच कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्याच्या गाडीवर मशीन चालवायला जाऊ लागला. कामात कसूर नव्हती, लेकीशी हसायचा, गिरणीत पट्टा तुटला तर धावून यायचा. पण घरात तो बेतानं वावरायचा. माठातलं पाणी घेतानासुद्धा आधी तिच्याकडं बघायचा. आणि बाहेर कुणी पत्ता विचारला तर गिरणीवाल्या शिवकांताबाईंकडं, असं सांगायचा. तो हे टोचून बोलत नव्हता, हेच तिला सहन होत नव्हतं.

एक दिवस ती त्याला म्हणाली, निम्मं घर तुमच्या नावानं करते. तो नको म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. गिरणी बंद ठेवून ती लातूरला गेली आणि लक्ष्मणरावांना बक्षीसपत्र लिहायला सांगितलं. तुमचे मालक आता इथंच राहतात, आता त्यानं कराचं काही अडत नाही, असं ते म्हणाले. ती म्हणाली, अडलं असतं तरी केलंच असतं. पुढं रजिस्ट्रीच्या दारात तिला कळलं, की बायकोनं नवऱ्याला घराचा निम्मा भाग प्रेमानं दिला तरी त्याच्यावर मुद्रांक लागतो. तिनं पदराची गाठ सोडली. शेजारी उभ्या असलेल्या बसवराजला म्हणाली, घर ह्यांचं हाय म्हणून आधी पैसे मागितले, आता ह्यांना घर देते म्हणून मागतात. एकदा सरकारनं ठरवावं तरी, की आमी करायचं काय.

कागद घरी आणून तिनं त्याच्या पेटीवर ठेवला. त्यानं तो रात्री वाचला असावा. सकाळी कामावर न जाता त्यानं कुठून तरी दोन गाढवं भाड्यानं आणली आणि गढीमागची पांढरी माती दारात टाकून घेतली. धाब्याच्या घराला पावसाच्या आधी ती माती द्यावी लागते, नाहीतर गळतं. दरवर्षी शिवकांता ते काम मजूर लावून करून घ्यायची. त्या दिवशी तो स्वतः टोपली घेऊन शिडीनं वर चढला, आणि रुद्राणी खालून टोपल्या भरून देऊ लागली.

“आभाळात ढग न्हाई आन माती कशाला?” शिवकांतानं गिरणीतून विचारलं.

“छत आपलं हाय,” तो वरून म्हणाला. “ढग येवो न येवो.”

तिनं पट्टा चढवला आणि दळण ओतलं. मोटारीच्या आवाजात ती बरंच काही बोलत होती, दिल्लीला, कचेरीला, त्या जुन्या कलमाला, आणि दळणाला आलेल्या बायका एकमेकींकडं बघत आपापली दळणं पुढं सरकवत होत्या.